नत्थूजींचा खुलासा

“भेजे किती देऊ?” सुरा पुसत खाटकानं विचारलं.

“सहा.”

“सहा?” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बर्फाच्या डब्याकडे. “लगन-बिगन हाय काय ताई घरी?”

“घरी नाही बापा, कॉलेजात लागते,” माझ्याऐवजी नत्थूजींनीच सांगितलं.

“काहून? कॉलेजात भेजे कमी पडून राह्यले काय?”

रांगेतली माणसं खो-खो हसली. नत्थूजीही हसले. मी ओढणीचं टोक नाकाला लावून उभी होते. अमरावतीच्या आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठा ओलांडत नसे, आणि मी एप्रिलच्या उन्हात नागपूरच्या मंगळवारी बाजारात बकऱ्याच्या भेज्याचा भाव करत होते. म्हणजे भाव नत्थूजी करत होते. मी फक्त “ताजा आहे ना?” एवढंच विचारलं.

“एकदम ताजा,” खाटीक म्हणाला. “आत्ता आत्तापर्यंत विचार करत होता.”

हे १९९४ सालचं. मी, वसुधा निंभोरकर, तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि जीवरसायनशास्त्र विभागात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. नत्थूजी पौनीकर आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. वय पन्नाशीचं, अंगात खाकी शर्ट, खिशात नेहमी दोऱ्याचं एक रीळ. घर विणकरांचं, भाऊ अजून हातमागावर बसत होते, आणि हे बावीस वर्षांपासून आमच्या काचेच्या नळ्या धूत, उकळत, वाळवत आले होते. विभागात मास्तर आले नि गेले, यंत्रं आली नि बिघडली, नत्थूजी मात्र तिथंच होते.

आमचं सगळं घोडं एका विषावर अडलेलं होतं. रुग्णाच्या जखमेतून मिळालेल्या एका जिवाणूचं हे विष. जिवाणूच्या पोटात ते गुपचूप पडून असे, म्हणून तर तो स्वतः जगत असे. आम्ही ते बाहेर काढलं, धुऊन-गाळून लख्ख केलं, काचेच्या नळीत ठेवलं, तर तिथंही ते ढिम्म. पण तेच माणसाच्या पेशीत शिरलं की पेशीतलं इंधन ओरबाडून त्याचा एक भलताच रेणू बनवायला लागे, इतक्या प्रमाणात की पेशी बिचारी तासाभरात मरे. बाहेर झोपलेलं, आत गेलं की जागं. आमचे गाईड डॉ. देवपुजारी रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारातून एकच प्रश्न विचारत, “काय मग, उठवतो कोण?”

मी रोज मान खाली घालत असे. तीन वर्षं झाली होती.

शेवटी मला वाटलं, पेशीच्या आतलंच काहीतरी त्याला उठवत असणार. मग पेशींचा रस काढून त्यात विष घालून पाहू. पेशी भरपूर हव्यात आणि स्वस्तात हव्यात. भेज्याची कल्पना त्यातून निघाली. सर कट्टर शाकाहारी. त्यांनी परवानगी दिली, पण कागदावर ‘भेजा’ असा शब्द येऊ दिला नाही. मागणीपत्रावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘जैविक सामग्री, सहा नग.’

त्या दिवशी दुपारी मी सामग्री कुटली, गाळली आणि तिचा अर्क काढला. अर्धा तसाच ठेवला, अर्धा उकळायला नत्थूजींकडे दिला.

“पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, मग यंत्रावर फिरवून गाळ खाली बसवा, आणि दोन्ही नळ्या बर्फात आणून द्या. कच्चा डावीकडे, उकळलेला उजवीकडे.”

“उकळाचा कायले?” नत्थूजींनी विचारलं. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागे.

“उकळलं की प्रोटीन मरतं. अंड्यासारखं गोठून जातं. कच्च्या अर्कानं विष उठलं आणि उकळलेल्यानं नाही उठलं, म्हणजे उठवणारं एक प्रोटीन आहे हे सिद्ध.”

“म्हंजे उकळलेली नळी फेल झाली पायजे.”

“फेल झालीच पाहिजे. ती फेल झाली तर आपण पास.”

संध्याकाळी मी दोन्हींत विष मिसळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीच्या यंत्रातून, विषानं तो भलता रेणू किती बनवला त्या आकड्यांची पट्टी बाहेर आली. नुसतं विष : चाळीस. कच्चा अर्क घातलेलं विष : तीन हजार! मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. तीन वर्षांत प्रथमच ते विष नळीत जागं झालं होतं. मग पुढचा आकडा आला. उकळलेला अर्क घातलेलं विष : नऊ हजार.

मी पट्टी फिरवून पाहिली. उलटी धरून पाहिली. मेलेल्यानं जिवंताच्या तिप्पट काम केलं होतं.

“नत्थूजी!”

ते भांडी धूत होते, तसेच ओल्या हातानं आले.

“तुम्ही नळ्या अदलाबदल केल्यात.”

“नाही जी.”

“मग उकळलंच नाही.”

“उकळलं ना मॅडम.”

“उकळलं असतं तर हे मेलं असतं! माझा अख्खा प्रयोग पाण्यात गेला. बर्फात नळ्यांवरची शाई पुसली होती, आणि तुम्ही डावं-उजवं केलंत. कबूल करा ना, चूक होते माणसाची!”

खोलीत आणखी चारजण होते. सगळे आपापल्या नळ्यांत डोकं घालून उभे. नत्थूजींनी हात शर्टाला पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि इतकंच म्हणाले, “मी उकळलं होतं.” मग परत भांड्यांकडे गेले.

माझा राग काही उतरला नाही. विभागात एक नोंदवही होती. काही बिघडलं की कारण तिच्यात लिहायचं असा नियम. मी तावातावानं लिहिलं : ‘नळ्यांची अदलाबदल. परिचराच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग वाया.’ खाली झोकात सही केली. रागात माणसाचं मराठी फार शुद्ध होतं.

नेमके त्याच आठवड्यात विभागप्रमुख म्हणून डॉ. किंमतकर नवे आले होते, आणि नव्या विटीला नवं राज्य हवं होतं. त्यांनी नोंदवही चाळली. संध्याकाळपर्यंत नत्थूजींच्या हातात मेमो : ‘आपल्या निष्काळजीपणामुळे संशोधनाचे नुकसान झाले आहे. आपली बदली परीक्षा विभागाच्या गोदामात का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा शनिवारी दुपारी बारापर्यंत सादर करावा.’

परीक्षा विभागाचं गोदाम म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांचे ढीग, वाळवी आणि एक पंखा, तोही फिरत नसलेला.

मला हे अपेक्षित नव्हतं. मला फक्त रागावायचं होतं. मी प्रमुखांकडे गेले, तर ते म्हणाले, “तक्रार तुमच्याच सहीनं आहे ना? मग आता खुलासा आला पाहिजे. फाईलला कागद लागतो.” सरांकडे गेले, तर सरांनी चष्मा काढून पुसला. “वसुधा, नोंद खोडता येत नाही. लिहायच्या आधी प्रयोग पुन्हा करायला हवा होतास.”

गुरुवारी सकाळी नत्थूजी माझ्या टेबलाशी आले. हातात मेमो, एक कोरा फुलस्केप आणि निळ्या शाईचं पेन.

“मॅडम, खुलासा लिहून द्या.”

त्याचं असं होतं की विभागातल्या कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे यायचा. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. ‘सविनय सादर’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत मला सगळं पाठ. नत्थूजींच्या मुलीच्या फीमाफीचा अर्ज मीच लिहिला होता, त्यांच्या फंडातल्या उचलीचाही मीच.

“अहो नत्थूजी, तक्रार मीच केली आहे. खुलासा मी कसा लिहिणार?”

“म्हणूनच तं आलो. तुमाले सारं माहीत हाय, दुसऱ्याले समजवत बसाव लागंल.”

“दुसऱ्या कुणाकडून...”

“दुसरा कोण लिवते इथं? बावीस वर्सांत माया सगळा कागद या खोलीतच लिवला गेला.” त्यांनी फुलस्केप माझ्यापुढे सरकवला. “जास्त नाही लिवाचं. एकच ओळ. ‘मी नळी उकळली होती.’ आन् खाली माई सही.”

मी पेन उघडलं. वर दिनांक टाकला, ‘प्रति’ लिहिलं, ‘विषय’ लिहिला, ‘महोदय’ लिहिलं. मग ‘मी’ लिहिलं आणि हात थांबला. माझ्या अक्षरात ‘मी नळी उकळली होती’ असं लिहायचं, आणि त्याच माझ्या अक्षरात नोंदवहीत त्याच्या उलट लिहिलेलं. दोन्ही कागद एकाच फाईलला लागणार.

“खोटं वाटत असंल तं नका लिवू,” नत्थूजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. “पण अदलाबदल झाली म्हंता, ते काही पटत नाही. शाईवर मी कदी राह्यतच नाही. बर्फात ते पुसतेच. मी उकळलेल्या नळीच्या गळ्याले लाल दोरा बांधला होता. आमच्या मागावर दोऱ्याची गाठ मारली का इसराचं काम नाही.”

“लाल दोरा?”

“हो. दोन गाठी.”

तो दोरा मला आठवला. नळी यंत्राच्या खाचेत बसेना म्हणून मी कात्रीनं कापून टाकला होता. काहीतरी कचरा चिकटलाय असं समजून. आणि तो उजवीकडच्याच नळीला होता. नऊ हजारवाल्या.

म्हणजे नळ्या बरोबर होत्या. मग एकच राहिलं. नत्थूजींनी ती नळी उकळलीच नसेल, नुसती फिरवून आणून दिली असेल, दोरा बांधून. तसं म्हणायला माझी जीभ रेटेना. बावीस वर्षांत त्यांनी कधी दिलेलं काम टाळलं नव्हतं.

“नत्थूजी, हा कागद असाच राहू द्या,” मी म्हणाले. “शनिवारपर्यंत वेळ आहे. आज मी स्वतः उकळते.”

“मी मदत करू?”

“नाही. तुम्ही आज नळीला हातसुद्धा लावायचा नाही. लावलात तर उद्या किंमतकर सर म्हणतील, पुन्हा यांनीच काहीतरी केलं.”

ते हसले. “बरं. मी दारात बसतो. तिथून पाह्यलं तं चालते ना?”

मग गुरुवारी दुपारी ते दारात स्टूल टाकून बसले आणि मी पाणी उकळत ठेवलं. बर्फातल्या शिल्लक सामग्रीतून अर्क पुन्हा काढला. दोन नळ्या. एक बर्फात, एक उकळत्या पाण्यात. हातात घड्याळ. पाच मिनिटांनी नळी वर काढली, तर आत पांढऱ्या गुठळ्या, दूध नासावं तशा.

“पाहा,” मी दाराकडे नळी धरून दाखवली. “मेलं की नाही?”

“मेल्यासारखं तं दिसते,” नत्थूजी म्हणाले.

गुठळ्या फिरवून खाली बसवल्या, वरचं नितळ पाणी घेतलं, विष मिसळलं. या वेळी शाईवर विसंबले नाही. नत्थूजींकडून दोरा मागून घेतला आणि उकळलेल्या नळीला मीच गाठ मारली. ती लगेच सुटली. त्यांनी स्टुलावरूनच हवेत बोटं फिरवून दाखवली, अशी मारा, मग अशी. तिसऱ्या खेपेस जमली.

शुक्रवारी सकाळी पट्टी बाहेर येत असताना मी यंत्रापुढे उभी होते आणि मला कळत नव्हतं की देवाजवळ काय मागावं. उकळलेली नळी मेली तर माझा प्रयोग वाचत होता आणि नत्थूजी गोदामात जात होते. जिवंत निघाली तर नत्थूजी वाचत होते आणि मी अख्ख्या विभागासमोर तोंडावर आपटत होते. खरं सांगते, पट्टी यायच्या आधीच मला दुसरं हवं होतं.

नुसतं विष : अडतीस. कच्चा अर्क : तीन हजार. उकळलेला अर्क : तीन हजार शंभर.

मी पट्टी फाडली आणि धावतच सरांच्या खोलीत गेले. “सर, ते मेलंच नाही! मी स्वतः उकळलं, माझ्या डोळ्यांसमोर गोठलं, तरी विष उठलं!”

सरांनी पट्टी हातात घेतली. मग खुर्चीत मागे रेलले आणि मला वाटलं रागावणार, तर चक्क हसायला लागले.

“वसुधा, एम.एस्सी.ला मी तुला शिकवलं होतं. उकळलं तरी मरत नाही असं पेशीतलं एक प्रोटीन सांग.”

परीक्षेत विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिथं उभी राहून सगळी पुस्तकं मनात उलटीपालटी केली. पेशीत कॅल्शियम वाढलं की त्याला पहिल्यांदा पकडणारं, मग घराघरात जाऊन निरोप देणारं, सगळ्यांच्या उपयोगी पडणारं. भेज्यात तर पोत्यानं सापडणारं. आणि पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं, उकळलं तरी टिकणारं.

“कॅल्मोड्युलिन!” मी ओरडलेच.

“मग ओरडतेस काय? जा, कॅल्शियम काढून घे आणि पाहा.”

त्याची परीक्षा एका दुपारचं काम होतं. अर्कात कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन घातलं, विष पुन्हा ढिम्म झोपलं. चाळीस. कॅल्शियम परत घातलं, पुन्हा उठलं. तीन वेळा झोपवलं, तीन वेळा उठवलं. तोपर्यंत सगळा विभाग आमच्या खोलीत जमला होता. सर तर माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून होते आणि त्यांच्यासमोर झाकण उघडं टाकलेल्या डब्यात उरलेली सामग्री होती, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

नत्थूजी दारातच होते. मी त्यांना आत बोलावलं.

“नत्थूजी, सापडला. उठवणारा सापडला. बाहेरून आलेलं विष स्वतःच्या पायावर उभंच राहू शकत नाही. आपल्याच पेशीतला एकजण त्याला हात देतो, मग ते कामाला लागतं आणि पेशीचा जीव घेतं.”

“आपलाच?”

“आपलाच. रोज सगळ्या पेशीची कामं करणारा.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हंतात, तसं.”

“अगदी तसंच!” सर मांडीवर थाप मारून म्हणाले.

नत्थूजींनी थोडा विचार केला. “पण सायेब, त्याले काहून दोष द्याचा? तो तं आपलं रोजचंच काम करून राह्यला. कोणी दारात आलं, यानं हात दिला. आलेला चोर हाय हे त्याले कुठून माहीत?”

मी खाली पाहून नळ्या मोजत बसले.

सरांची एकच शंका उरली होती. “हे सगळं ठीक. पण नत्थूजींच्या नळीत नऊ हजार आले होते. तुझ्या नळीत तीन. सामग्री तीच, विष तेच. असं का?” मी म्हटलं, मोजणीत काही गडबड असेल. सर म्हणाले, “गडबडीचं नाव पुन्हा घेऊ नकोस.”

शनिवारी सकाळी साडेदहाला मी तो अर्धवट फुलस्केप पुढे ओढला. नत्थूजी समोर स्टुलावर. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा.

“पहिलं हे ऐका,” मी म्हणाले. काल रात्रभर घोकलेलं होतं. “चूक माझी आहे. तुम्ही खरं बोलत होता. मी चारचौघांत तुम्हाला बोलले, म्हणून काल सगळे जमले होते तेव्हाच हे म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले, भ्याले. नोंदवहीत मी आज सकाळी लिहिलं आहे, ‘वरील नोंद चुकीची असून परिचराचा काहीही दोष नाही,’ आणि किंमतकर सरांना नेऊन दाखवलं आहे.”

“मंग ते काय म्हणले?”

“म्हणाले, छान. पण फाईलला खुलासा लागेलच.”

“लागंलच ना,” नत्थूजी समजूतदारपणे म्हणाले. “लिवा.”

मी लिहायला घेतलं. आता पेन कसं भराभर चाललं. मोठ्यानं वाचत वाचतच लिहीत होते. “‘मी, नत्थू सीताराम पौनीकर, सविनय खुलासा सादर करतो की, दिनांक बारा रोजी मला देण्यात आलेली नळी मी, आदेशानुसार, पाच मिनिटे...’”

“पाच नका लिवू.”

मी मान वर केली.

“पाच नका लिवू मॅडम. खरं लिवाचं हाय ना?”

“मग किती?”

नत्थूजींनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “वीस.”

“वीस मिनिटं!”

“आता काय सांगू तुमाले. एवढ्या जाड नळीत भेजा. आतपर्यंत ताप पोचालेच पाच मिनिटं जाते. तुमी म्हणलं मरालेच पायजे. म्हणलं अर्धवट मेला आन् तुमचा प्रयोग बिघडला तं? म्हणून पुरता शिजवला.”

मी खुर्चीला टेकले. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे उलगडलं. भेज्याच्या अर्कात विष उठवणारा असतो, तसे विषानं बनवलेला माल खाऊन टाकणारेही असतात. माझ्या पाच मिनिटांत ते अर्धेमुर्धे वाचले आणि खात बसले. नत्थूजींच्या वीस मिनिटांत सगळे मेले आणि न मरणारा तेवढा एकटा उरला. आम्ही महिनोन्महिने ज्या गाळण्या लावून प्रोटीन साफ करतो, ते काम त्यांनी एका भगोन्यात केलं होतं. नऊ हजार म्हणजे ते.

“अहो, मग बुधवारी का नाही सांगितलंत? मी एवढी ओरडत होते तेव्हा!”

“तुमी इचारलं, उकळलं का नाही. मी म्हणलं, उकळलं. किती उकळलं हे कोणं इचारलं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आन् आधीच तुमी तापल्या होत्या. पाचाचे वीस केले म्हणून सांगतलं असतं तं गोदाम काय, भंडाऱ्यालेच धाडलं असतं.”

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. मी डोळे पुसले आणि ‘पाच’वर काट मारून ‘वीस’ लिहिलं.

“हे लिहिलं तर आदेश मोडला म्हणून तुम्हालाच ठपका देतील, ठाऊक आहे ना?”

“देऊ द्या. ठपका चालते. खोटारडा नाही चालत.”

(ठपका आलाच. सोमवारी फाईलवर लाल शाईत शेरा होता : ‘बदलीचा प्रस्ताव रद्द. यापुढे आदेशाप्रमाणेच उकळावे.’ सरांनी तो वाचला आणि त्याच दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत सामग्री वीस मिनिटं उकळायचा आदेश काढला. आमच्या शोधनिबंधातही वीसच छापलं आहे.)

“झालं का?” मी विचारलं. “आता ‘आपला विश्वासू’ लिहू?”

“थांबा. आणखी एक ओळ हाय.”

“सांगा.”

नत्थूजी जरा सावरून बसले आणि अर्ज सांगताना बोलत तसं, एकेक शब्द तोडून सांगू लागले. “‘निंभोरकर मॅडमवर याबद्दल कोणतीही कारवाई करण्यात येऊ नये.’”

“माझ्यावर? माझ्यावर कोण कारवाई करतंय?”

“आज कोणी नाही करत. पण खोटी तक्रार म्हणून उद्या कोणी काढलं तं? सायेब नवे हायेत. फाईलले कागद असला म्हंजे बरं. लिवा. ‘त्यांना माहीत नव्हते.’”

“नत्थूजी, हे मी नाही लिहिणार.”

“काहून? खुलासा माया हाय का तुमचा?”

“तुमचा.”

“मंग लिवा ना.”

मी लिहिलं. ‘त्यांना माहीत नव्हते. त्यांच्यावर कोणतीही कारवाई करण्यात येऊ नये, ही विनंती.’ एवढे अर्ज लिहिले होते आयुष्यात, एवढी जड ओळ कधी लिहिली नव्हती. पुढचं दिसेनासं झालं, तरी तशीच रेटून पूर्णविराम दिला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. सही करायच्या आधी नत्थूजींनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळे बारीक करून नीट पाहिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही शेवटची ओळ पुन्हा लिवून द्या. सारी फिसकटली. सायेबाले वाचता आली पायजे.”